पेशींची चहाडी

हिंदुराव वस्ताद माझ्या दवाखान्यात शिरले तेव्हा बाहेर बसलेले सगळे पेशंट उठून उभे राहिले. पायाला बँडेज बांधलेले एक आजोबासुद्धा काठीवर भार टाकत उठले. कोल्हापुरात कातडीची डॉक्टर म्हणून मी उभं आयुष्य घालवलं, पण माझ्यासाठी अजून कुणी खुर्चीतून अर्धवटही उठलेलं नाही. तक्रार करण्यात अर्थ नव्हता, कारण ते केबिनमध्ये आले तेव्हा मी स्वतःच उभी होते.

सत्तरी गाठलेला माणूस. दोन्ही कान मोडून भज्यासारखे झालेले, मान खांद्यात रुतलेली, पांढरा शर्ट आणि पांढरंच धोतर. चिंचेच्या तालमीचे ते वस्ताद. शहरभर गाद्यांच्या आखाड्यांचं पीक आलं तरी त्यांनी मातीचा हौद सोडला नव्हता. त्या हौदात पहिल्यांदा मुलींना उतरवलं तेही त्यांनीच, आणि तेव्हा पेठेतल्या म्हाताऱ्यांनी वर्षभर त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. त्यांच्यामागून ती मुलगी आली. तेजल मगदूम, वीस-एकवीस वर्षांची, बाहेर ऊन रणरणत असताना अंगात पूर्ण बाह्यांचं जॅकेट.

वस्ताद बसले नाहीत. मुलीला बसवलं आणि तिच्या वतीनं तेच बोलले. पोरीला गजकर्ण झालंय, मोबाइलच्या कॅमेऱ्यानं तसं सांगितलंय. दोष तालमीच्या मातीचा आहे, म्हणून त्यांनी हौद उपसायला घेतला आहे. ती माती त्यांच्या गुरूंच्या गुरूंनी घातलेली. दरवर्षी तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबू घालून ती जिवंत ठेवायची, टाकायची कधीच नाही. ती आता तालमीच्या मागं ढीग घालून ताडपत्रीखाली पडली होती. हे सांगताना त्यांचा आवाज जराही हलला नाही, म्हणून मला जास्त वाईट वाटलं.

पेठेत मात्र वेगळंच बोललं जात होतं. माती इतकी वर्षं चांगली होती, मुली आल्या आणि नासली, असं. तेजल अधूनमधून क्रीडा प्रबोधिनीच्या गादीवर सरावाला जायची, तिथूनच तिनं ही घाण आणली असंही. दोन मुलींच्या आयांनी आपापल्या लेकी घरी नेल्या होत्या.

महिन्याभरानं राज्याच्या संघाची निवड चाचणी होती. हल्ली वजनाच्या काट्यापाशी एक दार असतं, त्यातून जाताना कॅमेरा पैलवानाचं सगळं अंग बघतो. लागट दिसणारा डाग आढळला की दिवा लाल होतो आणि पैलवान घरी जातो. तेजलला त्या दारातून पलीकडे जायचं होतं. गेल्या वर्षी घोटा मुरगळला म्हणून तिची चाचणी हुकली होती, आणि यंदा तिच्या वजनात तिला हरवू शकेल अशी मुलगी राज्यात एखादीच होती.

तिनं जॅकेट काढलं. पाठीवर, पोटावर, दंडांवर तांबूस ठिपके उठले होते, कुंकवाचं पाणी शिंपडावं तसे. प्रत्येकावर बारीक कोंडा. चार-पाच दिवसांत एकदम उठले, असं ती म्हणाली. गजकर्ण असं एका झटक्यात अंगभर उठत नाही. ते एका जागी कडा धरतं आणि सावकाश पसरतं. कॅमेऱ्याला फक्त लाल आणि खवले कळतात, कधी उठलं हे तो विचारत नाही.

असं अचानक खवल्यांचं पुरळ उठलं की माझ्या डोक्यात तीन-चार आजार रांगेत उभे राहतात. त्यातला एक असा आहे, की त्याबद्दल तरुण मुलीला तिच्या वस्तादांसमोर विचारता येत नाही. मी वस्तादांना चहा घ्यायला बाहेर पाठवलं. तिनं न लाजता सरळ उत्तरं दिली, रक्तही दिलं, आणि तो आजार रांगेतून बाहेर गेला. मग मी विचारलं, गेल्या महिन्यात घसा दुखला होता का.

ती दाराकडे बघत हळूच म्हणाली, "लई दुखला होता. थुंकीपण गिळवत नव्हती. पण मी कुणाला सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर वस्तादांनी हौदात उतरू दिलं नसतं." कोल्हापूरच्या मुली 'मी करतो, मी जातो' असं बोलतात, तशीच ती बोलायची. "हळद-मिठाच्या गुळण्या करत ऱ्हायलो आणि सराव केला."

इथं माझं निदान जवळजवळ झालं होतं. पण जवळजवळ झालेलं निदान त्या दाराला चालत नाही. खवला खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावा, तर तिनं मेडिकलमधून आणलेलं गजकर्णाचं मलम आठवडाभर अंगाला चोपडलेलं. असल्या मलमात बुरशी मारायचं औषध असतं आणि सूज लपवायचंही. म्हणजे गजकर्णाची बुरशी दिसली नाही तर ती मुळात नव्हती की मलमानं मेली, हे सांगणार कोण. म्हणून मी टेबलावरचं यंत्र पुढे ओढलं.

त्याचं खरं नाव स्मृतिवाचक. माझ्या रिसेप्शनवरची फरजाना त्याला चहाडखोर म्हणते, आणि पेशंटनाही तेच नाव ठाऊक आहे. आपल्या रक्तात आणि कातडीत राखणदार पेशी असतात. एखादा जंतू एकदा भेटला की त्यातल्या काही पेशी त्याला कायमचं ओळखून ठेवतात. अशा प्रत्येक पेशीच्या अंगावर एक सूक्ष्म साचा असतो आणि तो ठरावीक शत्रूलाच बसतो. हे साचे वाचायला पूर्वी मोठ्या प्रयोगशाळा आणि पुष्कळ महिने लागत. आता मिक्सरएवढं यंत्र ते काम तासाभरात करतं. पुरळावर बारीक सुयांची टिकली चिकटवायची, तिच्यात कातडीतला थेंबभर द्रव उतरतो, आणि यंत्र सांगतं की या पेशी इथं कुणाला शोधत आल्या होत्या. मलम लावून बुरशी मारता येते, पण पेशींची आठवण पुसता येत नाही.

या यंत्राच्या मी प्रेमात आहे, हे लपवत नाही. पण त्याला नाव मिळालं ते उगाच नाही. माझ्याकडे एकदा एक जोडपं साध्या पुरळाच्या तपासणीला आलं होतं आणि परत जाताना दोघांनी वेगवेगळ्या रिक्षा केल्या. तेव्हापासून निकाल वाचण्याआधी मी पेशंटला एकटं बसवते.

तेजलनं मात्र वस्तादांना आत बोलवा असं सांगितलं. निकाल स्वच्छ होता. बुरशीला ओळखणारी एकही पेशी तिथं जमली नव्हती. जमल्या होत्या त्या स्ट्रेप नावाच्या जंतूला ओळखणाऱ्या, आणि तो जंतू सहसा घशात राहतो, कातडीत क्वचितच. मी दोघांना समजावून सांगितलं. स्ट्रेपच्या अंगावरचं एक प्रथिन आणि आपल्या कातडीतलं केराटिन यांचा तोंडवळा मिळताजुळता आहे. घशात जंतूशी लढून तयार झालेले राखणदार कातडीत येतात, केराटिन बघतात आणि शत्रू समजून घरच्याच माणसाला बडवायला लागतात. त्या गडबडीत कातडी भराभरा वाढते, पिकायला वेळ मिळत नाही, आणि तिचे खवले सुटतात. हे सगळ्यांना होत नाही. जन्मतःच ज्यांच्या राखणदारांची नजर अशी चुकू शकते त्यांनाच होतं. याला थेंबांचा सोरायसिस म्हणतात. तो लागट नाही. बहुतेकांचा दोन-तीन महिन्यांत जातो, पण घसा पुन्हा पुन्हा बिघडला तर कायमचा मुक्काम करू शकतो.

"म्हणजे मीच मला मारतोय," तेजल म्हणाली.

वस्ताद त्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीत बसले. त्यांनी एवढंच विचारलं, की माती चोख आहे ना. मी हो म्हटलं. त्यांनी तेजलच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. संध्याकाळी पेठेतल्या सगळ्या पोरांनी मिळून माती हौदात परत घातली, असं फरजानानं दुसऱ्या दिवशी सांगितलं. तिचं घर तालमीच्या मागच्याच गल्लीत आहे, त्यामुळं तिथल्या बातम्या मला न विचारता मिळतात.

मी तेजलला घशासाठी गोळ्या दिल्या, अंगाला लावायला साधं तेल आणि मलम दिलं, आणि दिवसाआड येऊन प्रकाशाच्या कपाटात उभं राहायला सांगितलं. त्या प्रकाशानं चिडलेल्या पेशी शांत होतात. ठिपके फिके पडू लागले. माझी वाहवा मीच करत होते, तेवढ्यात तिच्या मांड्यांवर नवे थेंब उठले. घशाचा नमुना घेतला तर स्ट्रेप परत हजर. जंतूच्याही पिढ्यांना स्वतःच्या खुणा असतात, आणि यावरच्या खुणा हुबेहूब पहिल्यासारख्या होत्या. म्हणजे गोळ्यांनी जंतू गेला होता, पण कुणीतरी तो तिला परत दिला होता.

मी तिला म्हटलं, तालमीतल्या सगळ्यांना घेऊन ये. घशातल्या जंतूच्या खुणा जुळवल्या आणि रक्तातल्या पेशींची आठवण किती जुनी आहे ते बघितलं, की जंतू कुणाकडून कुणाकडे गेला हे कळतं. कायद्यानं त्याला देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, दोघांची संमती लागते, कारण या शोधापायी सुरुवातीच्या वर्षांत भाऊबंदकीला ऊत आला होता. पण तालमीतली पोरं कशाला नाही म्हणतील, असं मला वाटलं.

तेजलनं विचारलं, घसा अजिबात दुखत नसला तरी कुणाच्या घशात हा जंतू राहू शकतो का. राहू शकतो, मी म्हटलं, वर्षानुवर्षं. त्या माणसाला पत्ताही नसतो.

मग तिनं मला तांब्याची गोष्ट सांगितली. तालमीत रोज संध्याकाळी लढती होतात. वस्तादांच्या हातात बदामाच्या थंडाईचा तांब्या असतो. पहिला घोट ते घेतात आणि उरलेला तांब्या त्या दिवशी सरस ठरलेल्या पैलवानाला देतात. वस्तादांना तो त्यांच्या गुरूंच्या हातून मिळायचा, गुरूंना त्यांच्या गुरूंच्या. तांब्याला तोंड लावायचं, वरून ओतून घ्यायचं नाही, कारण तो वस्तादांचा उष्टा घोट असतो आणि तोच मान असतो. गेलं वर्षभर तो तांब्या बहुतेक रोज तेजलकडेच आला होता. म्हणजे ती सगळ्यांत चांगली होती म्हणूनच आजारी पडली होती.

"वस्तादांची तपासणी करू नका," ती म्हणाली. "त्यांनी माझ्यापायी पेठेचं बोलणं खाल्लं. माती उपसली, पण मला एक शब्द बोलले न्हाईत. आता त्यांना कळलं, की त्यांच्याच हातनं मला हे झालंय, तर ते परत कुणाला हात लावणार न्हाईत. मी बघतो काय करायचं ते."

तांब्या घेऊ नको, झालं, असं मी म्हणाले. तांब्या नाकारणं म्हणजे वस्तादांचा मान नाकारणं, आणि मग ते कारण विचारणारच, असं तिनं सांगितलं. वस्तादांच्या तपासणीला त्यांची संमती हवी, आणि ती मागायची तर तेजलचं गुपित फोडावं लागणार. मी हात बांधून बसले.

आठवड्याभरानं वस्ताद एकटेच आले. या वेळी बाहेरच्यांनी उठायच्या आतच ते केबिनमध्ये होते. पोरगी हरायला लागलीय, असं त्यांनी सांगितलं. आधी त्यांना वाटलं, आजारानं अंगातला जोर गेला असेल. मग त्यांनी जवळ उभं राहून बघितलं. ती पकड जुळवते, समोरची उचलण्याइतकी हातात येते आणि ऐन वेळी बोटं सैल सोडते. ठरवून हरलेल्या कुस्तीला पेठेत नुरा म्हणतात, आणि चिंचेच्या तालमीत नुरा करणाऱ्याला परत दारात उभं करत नाहीत.

"चोरी केली असती तरी मी पोटात घातली असती," ते म्हणाले. "पण ही माझ्यासमोर मुद्दाम पाठ टेकवतीया, डॉक्टरीणबाई. तुमच्याकडं येऊन गेल्यापास्नं. काय सांगितलंसा तिला?"

पेशंटचं बोलणं मी सांगू शकत नाही, असं मी म्हटलं. ते मला चुकीचंही म्हणाले नाहीत आणि रागावलेही नाहीत. टेबलावरच्या यंत्राकडे बघत बसले. कुस्तीत आयुष्य घालवलेल्या माणसाला समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते बघून पुढचा डाव कळतो, असं ऐकलं होतं. त्या दिवशी मी ते डोळ्यांनी पाहिलं.

"दुसरी जिंकली, की मी तांब्या तिला देतो," ते सावकाश म्हणाले. "तवा तेजल तिकडं बघत न्हाई. जमिनीकडं बघती. हरल्याचं वाईट वाटलेलं माणूस तांब्याकडं बघतंच, डॉक्टरीणबाई. मी बघायचो." मग त्यांनी शर्टाची बाही वर केली. "ती तुमची टिकली मला लावा. आणि घसाबी बघा. कागदावर अंगठा, सही, काय पायजे ते घ्या."

जंतूच्या खुणा जुळल्या. त्यांच्या रक्तातल्या पेशींत त्या स्ट्रेपची आठवण जुनी आणि दाट होती, तेजलच्या पेशींत कोवळी. यंत्राला भिडभाड नसते. मी जितकं हळुवार सांगता येईल तितकं सांगितलं, की यात दोष कुणाचा नाही, जंतू घशात आहे हे त्यांना कळायचा काही मार्गच नव्हता, आणि गोळ्यांनी तो जाईल.

त्यांनी पाणी मागितलं. पण पेला ओठांपर्यंत नेऊन तसाच खाली ठेवला. हे आणखी कुणाला कळेल का, असं त्यांनी विचारलं. तुम्ही सांगितल्याशिवाय नाही, मी म्हटलं. "बरं," म्हणून ते उठले. गोळ्या घेतल्या आणि गेले.

दोन दिवसांनी फरजानानं बातमी आणली. वस्तादांना साखर निघालीय, डॉक्टरीणबाईंनी थंडाई बंद केलीय, म्हणून आता तालमीत प्रत्येकाला आपापला पेला. मी तसं काही सांगितलंच नव्हतं, आणि माझं मन खट्टू झालं. एवढा मोठा माणूस, आणि साखरेच्या आड लपला. तेजल पुन्हा जिंकायला लागली. तिला कळलं होतं की त्यांना कळलंय, पण दोघं त्याबद्दल एकमेकांशी चकार शब्द बोलले नाहीत. तिचा घसा स्वच्छ झाला. नवे थेंब यायचे थांबले, जुने मात्र चाचणीपर्यंत पुरते जाणार नव्हते. वस्तादांनी मला चाचणीला यायची गळ घातली. तपासणीच्या कागदावर कुणी शंका काढली तर सही करणारी समोर असलेली बरी, असं त्यांचं म्हणणं. मी गेले.

पुण्याजवळच्या एका क्रीडासंकुलात सगळ्या जिल्ह्यांचे पैलवान जमले होते. दाराचा दिवा अपेक्षेप्रमाणं लाल झाला. मी यंत्राचा अहवाल पुढं केला. तिथल्या डॉक्टरांनी तो नीट वाचला, दोन शहाण्यासारखे प्रश्न विचारले आणि स्वतःच्या हातानं दिवा हिरवा केला. मला वाटलं आपलं काम संपलं. तेजलनं पहिल्या दोन कुस्त्या अशा मारल्या, की मला डाव कळायच्या आत त्या संपल्या होत्या.

शेवटची कुस्ती माळशिरसच्या ऋणाली वाघमोडेशी होती. तेजलला हरवू शकेल अशी जी एक मुलगी राज्यात होती, ती हीच. दोघी गादीवर आल्या. कुस्तीच्या पोशाखात दंड आणि खांदे उघडे असतात. प्रकाशझोतात ते तांबूस ठिपके आणि त्यांच्यावरचा कोंडा लांबूनही दिसत होता. हात मिळवायला तेजलनं हात पुढं केला आणि ऋणाली एक पाऊल मागं सरकली.

तिचे वडील खालून ओरडून सांगायला लागले, की कागद कागदाच्या जागी, उद्या माझ्या मुलीच्या अंगावर हे उठलं तर तुमचा कागद तिचं लग्न लावणार आहे का. पंचांनी समजावलं. ऋणाली रडवेली झाली होती, पण तिचा हात पुढं होईना. शेवटी पंचांनी नियम सांगितला. प्रतिस्पर्धी हात मिळवत नसेल तर कुस्ती तेजलची, म्हणजे संघातली जागाही तेजलची.

खरं सांगते, मला आनंद झाला. मी टाळी वाजवायला हातही उचलले. पण पंच हात धरून वर करायला आले तेव्हा तेजलनं हात मागं घेतला.

"असली जागा नको मला," ती म्हणाली. "मी कुस्ती करायला आलोय. ती भिऊन गेली म्हणून जिंकलो, असं मी कुणाला सांगू?"

पंच म्हणाले नियम तो नियम. सभागृहात कुजबूज वाढली. तेव्हा माझ्या शेजारची खुर्ची रिकामी झाल्याचं मला जाणवलं. हिंदुराव वस्तादांनी गादीच्या कडेला चपला काढल्या. शर्टाची बटणं सोडून शर्ट नीट घडी करून चपलांवर ठेवला. धोतराचा काचा मारला. मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. पुढच्या बाकांवरचे जुने पैलवान मात्र त्यांना ओळखून उभे राहायला लागले, आणि हसणं थांबलं. पंचांनी अडवलं नाही. त्यांना अडवायची पंचांची छाती झाली नसावी.

ते तेजलसमोर जाऊन उभे राहिले, पण बोलले ऋणालीकडे बघून. आवाज मोठा नव्हता. तरी इतकी शांतता होती, की शेवटच्या बाकापर्यंत गेला असणार.

"पोरी, तू भ्यालीस यात तुझं चुकलं न्हाई. तुला कुणी नीट सांगितलं न्हाई. हिच्याकडनं कुणाला काय जात न्हाई. गेलंय ते माझ्याकडनं हिला. माझ्या घशात रोग होता, मी मानाचा म्हणून उष्टा तांब्या हिला पाजला, आणि त्यानं हिच्या अंगावर हे उठलं. हिला ते ठावं होतं. माझी लाज राखायला ही रोज मातीत पाठ टेकवून घेत होती. मला कळल्यावर मी साखर झालीय म्हणून खोटं सांगितलं. माझ्या तालमीतली पोरंबी इथं बसल्याती, त्यांनीबी ऐका."

तेजलच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "वस्ताद, नका ना सांगू," ती म्हणाली.

"गप. धर."

तिनं धरलं. मान मानेला भिडली, तिचे ठिपक्यांचे दंड त्यांच्या उघड्या खांद्यांवर आवळले गेले. त्यांनी आपला गाल तिच्या खांद्यावरच्या सगळ्यात मोठ्या डागावर दाबून ठेवला. सत्तर वर्षांचं अंग, छातीवरचे केस पांढरे झालेले. आयुष्यभर ज्या माणसाला पाहून लोक उठून उभे राहिले, तो त्या सगळ्यांसमोर आपली चूक सांगून अर्ध्या कपड्यात उभा होता. साखरेच्या गोष्टीवरून मी मनात त्यांना बोल लावला होता, त्याची मला लाज वाटली. मी रडले, आणि ते लपवण्याची गरज मला वाटली नाही.

मग त्यांनी पकड सोडली, वाकून गादीला हात लावला आणि खाली उतरले.

ऋणालीनं वडिलांकडे बघितलं. ते खाली मान घालून बसले होते. ती पुढं आली आणि तिनं तेजलचा हात हातात घेतला, बोटांच्या टोकांनी नाही, चांगला पंजात पंजा घालून. पंचांनी शिट्टी वाजवली.

ती कुस्ती सोपी नव्हती. ऋणाली जोरकस होती आणि आता तिच्या मनात भीती उरली नव्हती. तिनं दोन वेळा तेजलला गादीबाहेर रेटलं. वस्तादांनी शर्ट घालायचंही सोडून दिलं होतं, ते उघडेच माझ्या शेजारी बसून दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून होते. वेळ संपत आली तरी तेजल गुणांत मागंच होती. मग तिनं एकेरी पट काढला, ऋणालीचा पाय छातीशी घेतला, आणि ती निसटतेय असं वाटेपर्यंत दुसऱ्या हातानं कमरेला विळखा घालून ढाक मारली, तिला अंगावरून उलथवलं. ऋणालीची पाठ गादीला लागली. त्या वेळी तेजलची बोटं किती घट्ट होती हे मला लांबूनही दिसलं. वस्तादांच्या तोंडून एक मोठा श्वास सुटला.

तेजल राज्याच्या संघात गेली. दोघी दमून गादीवर बसून राहिल्या होत्या. घामानं आणि रेटारेटीनं तेजलच्या अंगावरचे खवले सुटले होते, आणि त्यांचा पांढरा भुसा ऋणालीच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत चिकटला होता. तिच्या वडिलांनी खालून टॉवेल पुढं केला. ऋणालीनं हातांकडे एकदा बघितलं. मग टॉवेल न घेता तिनं त्याच हातानं कपाळावरचा घाम पुसला आणि तेजलला विचारलं, तो पाय तू नेमका कुठं धरलास ते मला परत दाखव.